वजा नऊशे ग्रॅम

"सोयाबीन मोजता तसं या चौघींना मोजाल का?"

दुकानाच्या पायरीवर उभा राहून एक धिप्पाड माणूस मला हे विचारत होता. परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेला होता. त्याच्या भुवयांवरून पाणी गळत होतं आणि मागे चार मुली ओढण्या पिळत उभ्या होत्या.

तेरच्या बसस्टँडमागे आमचं आडतीचं दुकान आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील शरणबसप्पा, शेतकऱ्यांशी बोलतात आणि काट्यावर मी बसते. बी.कॉम. झाल्यापासून काटा माझाच. तूर मोजली, हरभरा मोजला, एकदा सीताबाईची शेळीसुद्धा मोजली. मुली मात्र कुणी आणल्या नव्हत्या.

मी त्या चौघींना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हटलं, "माल ओला दिसतोय. ओलाव्याची घट धरावी लागंल."

एक मुलगी फिस्सकन हसली. तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. कुस्तीत रगडून रगडून गाठी पडलेले कान... तेवढ्यावरून मला दोन गोष्टी कळल्या. हा पैलवान आहे, आणि हा लाजतो.

त्याचं नाव बलभीम. कॉलेजात कुस्तीचा कोच म्हणून आला होता. मुलांचा संघ आधीपासून होता, त्याला मुलींचा उभा करायचा होता. कॉलेजचा वजनकाटा मुलांच्या आखाड्यात, आणि तिथं चारचौघांत काट्यावर चढायला मुली तयार नव्हत्या. आडतीच्या काट्यावर बाई बसते असं त्याला कुणीतरी सांगितलं, म्हणून तो भिजत आला होता.

आमच्या काट्याची एक रीत आहे, ती आधी सांगते. सकाळी रिकामं पोतं काट्यावर ठेवायचं आणि बटण दाबायचं. मग पोत्याचं वजन आपोआप वजा होतं आणि पडद्यावर फक्त माल दिसतो. पोतं उचललं की रिकाम्या काट्यावर वजा नऊशे ग्रॅम असा आकडा राहतो. दिवसभर तो तसाच असतो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण माणूस काही पोत्यात भरून येत नाही. म्हणून मुली आल्या की मी आधी बटण दाबून काटा शून्यावर आणायची आणि मगच त्यांना वर घ्यायची. पहिल्या दिवशीच मी हे बलभीम सरांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

मग दर शनिवारी संध्याकाळी ते यायला लागले.

चार वर्षं म्हणायला सोपी. पहिल्या वर्षी गादी नव्हती, पुढंही मिळाली नाही. अप्पांनी फाटकी पोती दिली, मुलींनी त्यात भुसा भरला, वर ताडपत्री ताणली आणि त्यावर खेळल्या. त्या वर्षी चौघीही पहिल्याच कुस्तीत हरून आल्या. सर गावोगाव फिरायचे, मुलींच्या बापांसमोर उकिडवे बसायचे, नकार ऐकायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे. तिसऱ्या वर्षी एक कांस्यपदक आलं. चौथ्या वर्षी मुली चौदा झाल्या.

आणि आमचं काय? आमचं काहीच नव्हतं. म्हणजे... शनिवार होता.

एकदा मुलींनी आग्रह करून सरांनाच काट्यावर चढवलं. एक्क्याण्णव किलो. मी म्हटलं, मागच्या खेपेपेक्षा वाढलात. ते म्हणाले, तुमच्याकडचा चहा गोड असतो. एवढंसं बोलणं, ते मला बुधवारपर्यंत पुरायचं. वाईट एकच वाटायचं, वजन चालू असताना त्यांची नजर आकड्यावरून ढळायची नाही. मी केसांत अबोली माळली काय अन् नाही काय.

एकदा मी बोलून टाकलं, "काट्याच्या मागं कोण बसलंय, तेही बघावं माणसानं कधी."

"तुमच्याकडं बघितलं तर आकडा चुकंल माझा," ते आकड्याकडे बघतच म्हणाले.

मी त्या रात्री जेवले नाही, इतकी खूष होते. आता ते वाक्य आठवू नये असं वाटतं.

पहिल्या दिवशी फिस्सकन हसली होती ती मुलगी आरोही, तेव्हा बारावीत होती. त्रेपन्न किलोच्या गटात खेळायची आणि संघातली सगळ्यात चपळ होती. तिचे वडील लिंबाजी ढोकीच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्यांनी सरांना तोंडावर सांगितलं होतं, "विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पोरगी तुमची, खेळवा. न्हाय झाली तर माघात लगीन. पुन्यांदा माझ्या दारात येऊ नगा." सरांनी कबूल केलं होतं. निवड होणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तिच्या गटात तिला अडवणारी मुलगी सगळ्या विद्यापीठात नव्हती.

स्पर्धा संभाजीनगरला होत्या. आदल्या संध्याकाळी सर आरोहीला शेवटच्या वजनाला घेऊन आले. सकाळी चारला जीप निघणार होती आणि पोचल्या पोचल्या वजनाच्या रांगेत उभं राहायचं होतं. मी त्याच वेळी एका शेतकऱ्याची हरभऱ्याची पोती मोजत होते. शेवटचं पोतं उतरलं आणि आरोही काट्याकडे आली.

तेवढ्यात सर म्हणाले, "शिवरंजनी..."

चार वर्षांत त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. ओ ताई, अहो, ऐकलं का, यावरच भागवलं होतं. मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. आकड्याकडे नाही, माझ्याकडे.

"सोमवारी घरच्यांना घेऊन येऊ का? आडतीच्या कामाला न्हाय..."

सोमवारी अप्पांचा उपवास असतो, आणि उपवासाला अप्पा कुणावर रागावत नाहीत. आम्ही लिंगायत, ते नाहीत. अप्पांना राग येण्यासारखं त्यात बरंच होतं. हा माणूस तेवढासुद्धा विचार करून आला होता. आरोही कधीच काट्यावर चढली होती आणि ओढणी तोंडाशी धरून हसत होती. मी पडद्यावर बघितलं आणि आकडा वाचला, "बावन्न सहाशे."

"चारशे खाली," सर म्हणाले. "जा, खा आज पोटाला."

तीन दिवस अर्धपोटी होती पोरगी. माझ्या डब्यात दोन धपाटी आणि दही होतं, ते मीच तिच्या हातावर ठेवलं. वर तांब्याभर पाणी दिलं. जाताना तिनं सरांच्या मागून मला सोमवारची खूण केली, एक बोट वर करून. मी तिला दटावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. एका मुलीनं केला होता. आरोही वजनात बसली नाही. चारशे ग्रॅम जास्त भरली. अर्धा तास शिल्लक होता. सरांनी तिला दोन ट्रॅकसूट चढवून मैदानाभोवती पळवलं. पुन्हा वजन केलं, दोनशे जास्त. पुन्हा पळवलं, आणि तिसऱ्या फेरीला ती तोंडावर पडली. सलाइन लावलंय. यादीतून नाव काढलं.

फोन कानाला होता आणि समोर हमाल काट्यावरून तुरीचं पोतं उचलत होता. पोतं उचललं गेलं. रिकाम्या काट्याच्या पडद्यावर आकडा आला. वजा नऊशे.

आदल्या संध्याकाळी मी बटण दाबलं नव्हतं.

बावन्न सहाशे नव्हे, त्रेपन्न पाचशे होती ती. रात्रभर उपाशी ठेवली असती, पहाटे थोडी पळवली असती, तर सहज बसली असती. मी तिला धपाटी खाऊ घातली.

आठ दिवस मी गप्प राहिले. हे लपवण्यात काही अर्थ नाही. आरोहीचा मैदानात पडलेला फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. गावात बोलत होते की मास्तरला अंदाजच नाही, पोरीच्या जिवाशी खेळला. संस्थेच्या लोकांनी सरांना बोलावून विचारलं. त्यांनी उत्तर दिलं की अंदाज चुकला, जबाबदार मी. सोमवार आला आणि गेला. कुणी आलं नाही. अप्पांनी विचारलं, रंजनी, जेवत का नाहीस? मी म्हटलं, पित्त झालंय.

नवव्या दिवशी मी मुलींच्या आखाड्यात गेले. सर एकटेच भुसा भरलेल्या पोत्यांवरची ताडपत्री काढत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. बटण, हरभरा, नऊशे ग्रॅम, सगळं.

ते ताडपत्रीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "म्हायत हाय मला. जीपमधून परत येतानाच ध्यानात आलं."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगू? पहिल्याच दिवशी तुम्ही मला काट्याची रीत सांगितलीय. दर शनिवारी पोरगी चढायच्या आधी शून्य हाय का न्हाय, ते मी बघतो. चार वर्षं बघितलं." त्यांनी घडी खाली ठेवली. "त्या दिवशी मी तुमच्याकडं बघत होतो."

कुणावर प्रेम आहे हे यापेक्षा वाईट रीतीनं कुणी सांगितलं नसेल. मी भिंतीला टेकून रडले. ते जवळ आले नाहीत, आणि आले नाहीत तेच बरं झालं.

आम्ही दोघं लिंबाजींकडे गेलो. ते अंगणात ट्रॅक्टरचं चाक धूत होते. मी हात जोडून सांगितलं की चूक काट्याची आहे, माझी आहे, पोरीची नाही, सरांची नाही. तिला एक वर्ष द्या. आरोही दाराच्या चौकटीत उभी होती. हातावर सलाइनची सुई टोचल्याचा काळा डाग होता.

लिंबाजींनी पाणी बंद केलं. "ताई, तुमी आलात, खरं बोललात. पर सुपारी फुटली परवा. काट्याची चूक दुरुस्त व्हईल, दिल्या शब्दाची कशी करू?"

सर काहीतरी बोलणार होते. लिंबाजींनी हात वर केला. "म्या म्हनलं हुतं मास्तर, पुन्यांदा दारात येऊ नगा."

माघात आरोहीचं लग्न झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं. मी संस्थेच्या कार्यालयातही जाऊन चूक कबूल केली, तिथं एकानं मला चहा पाजला आणि दुसऱ्यानं विचारलं की संघाचं वजन किराणा मालासारखं करायची परवानगी कुणी दिली होती. सरांची नोकरी राहिली, पण मुलींचा संघ बंद केला. चौदाजणी आपापल्या घरी गेल्या. उन्हाळ्यात सरांनीच राजीनामा दिला. जळकोटला कुणाच्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये शाळेची मुलं शिकवायला गेले.

जायच्या आधी दुकानात आले होते. अप्पांना नमस्कार केला. मी काट्यावर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे, आणि दोघांच्या मध्ये आरोही उभी राहिली, ओढणी तोंडाशी धरून हसणारी. ते म्हणाले, "सोमवारचं..." मी म्हटलं, "नको." त्यांनी मान हलवली आणि बसस्टँडकडे गेले. एस.टी. सुटेपर्यंत मी दारात उभी होते. मग एक जण ज्वारी घेऊन आला, ती मोजली.

वर्ष गेलं. पुन्हा सोयाबीन आलं. एका दुपारी ट्रॉली दारात थांबली, वर एक म्हातारी बाई बसली होती आणि पोत्यांवरून साडी नेसलेली एक मुलगी खाली उडी मारून आली. उडी बघूनच मी ओळखलं.

आरोहीनं चपला काढल्या, काट्याजवळ आली. "आधी शून्य करा, ताई."

मी पोतं खाली घेतलं. बटण दाबलं. तिला पडदा दाखवला, शून्य. ती चढली. बांगड्या वर सरकवून, मान सरळ ठेवून, शनिवारी उभी राहायची तशी.

बावन्न सातशे.

"सासरी काटा न्हाय," ती हळूच म्हणाली. "अंदाजानंच ऱ्हाते. पाणी द्यायला म्हणून पहाटं शेतात जाते अन् बांधानं पळते. सासूला ठावं हाय." तिनं ट्रॉलीकडे बघितलं. म्हातारी दुसरीकडे तोंड करून पान खात होती. "ती म्हनती, पळ, पर गावाला दिसू नगो. सरांना सांगा... म्या सोडलं न्हाय."

माझ्यावर रागावलीस का, असं मला विचारायचं होतं. तिनं त्याआधीच चपला घातल्या. जाताना डबा बघून म्हणाली, "आज धपाटी न्हाईत व्हय?" आणि ट्रॉलीवर चढली.

मी जळकोटला फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा. पलीकडे मुलं आदळल्याचे आवाज येत होते.

"बावन्न सातशे," मी म्हटलं.

 सरांनी विचारलं, "साडीसकट?"

"साडीसकट."

"काटा?"

"शून्य होता. मी काट्याकडंच बघत होते."

ते नाक ओढत होते की काय, मला नीट कळलं नाही. मग म्हणाले, "तिला कुठं खेळवायचं, शिवरंजनी? संघ न्हाय. गादी न्हाय. घरातून सोडतील का न्हाय, तेबी म्हायत न्हाय."

"पोती आहेत माझ्याकडं. भुसा पण आहे." मी श्वास घेतला. "आणि सोमवारी अप्पांचा उपवास असतो."

"येऊ?"

"सकाळी या. आधी आरोहीच्या सासरी जायचं, तिच्या सासूपुढं बसायचं. त्यांनी हाकललं तरी बसायचं. आमच्या घरी मग संध्याकाळी."

ते बरं म्हणाले. हमालानं दुसरं पोतं काट्यावर टाकलं आणि मी फोन खाली ठेवून आकडा वाचला.