निळ्या माशाची टकटक

ही गोष्ट खरी आहे. रचायची असती तर मी अमावस्या, वादळ, लाइट जाणं, सगळं घातलं असतं. यातलं काहीच नव्हतं. रविवार होता, सकाळचे साडेदहा. इंदूरच्या लोकमान्य नगरातला भूषणदादाचा फ्लॅट, आणि समोर गरम पोहे.

दादा माझा मोठा भाऊ. डेंटिस्ट. त्याला एकच वेड, भिंतीवर टांगायच्या मातीच्या प्लेट्स. हातानं घडवलेल्या, भट्टीत भाजलेल्या, चकचकीत झिलईच्या. मोर, सूर्य, कमळं... हॉलची अख्खी भिंत त्यानं भरली होती.

घेताना प्रत्येक प्लेट तो बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचा. खणखणीत वाजली तर अख्खी, बद्द वाजली तर आत तडा.

"प्लेट बघतोयस की दाढ?" मी चिडवायची.

मार्चमध्ये पोलोग्राउंड भागातल्या एका बंद कारखान्यातून त्यानं निळा मासा आणला. जाड, मागून बंद, आत पोकळ. कुणी घडवला, विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

दादानं ठोकलं. टक् टक्.

आणि आतून...

टक् टक्.

"अगं शलाका, सुन तो! जवाब देतोय हा!" दादा पोरासारखा खूश झाला. पोकळ आहे म्हणून घुमतो, म्हणाला. मग रोज साडेदहाला, क्लिनिकला निघताना, हाच खेळ. महिन्याभरात मासाच आधी ठोकायला लागला. दादा उत्तर द्यायचा आणि मगच चपला घालायचा.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

तर, तो रविवार.

टक् टक्.

"बस कर भिया, खाऊ दे ना," दादा माशाला म्हणाला. उठला नाही.

टक् टक्.

"अहो, देऊन टाका ना जवाब," रुपालीवहिनी म्हणाली. "मला बरं नाही वाटत."

"आज छुट्टी आहे त्याची."

टकटक थांबली. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना...

मोर भिंतीवरून सुटला. खाली पडला नाही. सरळ आडवा आला आणि वहिनीच्या कपाळावर फुटला. मागोमाग सूर्य, कमळं, सगळंच. एक तुकडा माझ्या गालात घुसला.

दादा उठला. उजवा हात पुढे, बाकी अंग मागे. कुणीतरी मनगट धरून ओढत होतं. त्याची मूठ भिंतीवर आपटली.

दोनदा. पुन्हा दोनदा.

"सोड! सोड मला!" तो किंचाळत होता. मी त्याच्या कोपराला लटकले. हात थांबेना. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. भिंत लाल झाली, तरी हात ठोकतच होता.

वहिनीनं रक्तानं भरलेल्या डोळ्यांनी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि मासा फोडला.

हात थांबला.

माशाच्या आत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दादाचं प्लास्टर वाळलं का म्हणून बोटानं ठोकून पाहिलं. टक् टक्.

आतून...

टक् टक्.

"हात हलवू नका," डॉक्टर म्हणाले.

"मी नाही हलवला," दादा म्हणाला. तो रडत होता.

तेव्हापासून रोज साडेदहाला प्लास्टरमधून आवाज यायचा आणि दादा डाव्या हातानं टेबलावर उत्तर द्यायचा. एकदाही चुकवलं नाही. तेवढा एकच हात उरला होता त्याला.

काल मात्र तो गोळीच्या गुंगीत होता. साडेदहा वाजले. आतून टक् टक् झालं. दादा जागा होईना. माझ्या भावाचा दुसरा हात मी जाऊ देणार नव्हते.

मी उत्तर दिलं.

आज शाळेत गणिताचा तास घेत होते. दादाचा फोन आला. "शलाका, आज आवाजच नाही आला! गेलं बहुतेक!" किती दिवसांनी तो हसला. मी घड्याळ पाहिलं. दहा बत्तीस.

गालातला तो तुकडा डॉक्टरांना सापडलाच नव्हता.

जबड्याच्या आत, अगदी दाढेपाशी...

टक् टक्.

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू उचलला आणि फळ्यावर दोनदा ठोकलं.