अकरावा ठोका

“अकरा!” शंकासुर दबक्या आवाजात म्हणाला. “सकाळपासून सहाव्यांदा. दर वेळी अकराच!”

तिघे आजोबांच्या खोलीच्या दाराशी दाटीवाटीने उभे होते. आत पलंगावर आजोबा उताणे पडले होते. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती आणि उजवी बाजू लुळी पडली होती. डाव्या हाताचे एक बोट तेवढे हलत होते. ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर पडत होते. टक्, टक्, टक्... अगदी एका लयीत. अकरा ठोके झाले की थांबायचे. थोड्या वेळाने पुन्हा अकरा.

“ठोकायचेच तर दहा ठोकावेत, नाहीतर बारा,” शंकासुर म्हणाला. “अकरा का?”

“पाणी हवं असेल,” ढब्बू म्हणाला.

“तुला काही हवं असलं की तू अकरा वेळा सांगतोस,” सुतळी त्याला म्हणाली. “आजोबा एकदाच सांगायचे.”

सुतळी बारा वर्षांची, उंच आणि काडीसारखी. शंकासुर तिचा धाकटा भाऊ. ‘कशावरून?’ हा त्याचा आवडता शब्द, म्हणून ते नाव. ढब्बू हा त्यांच्या मामाचा मुलगा. दर सुट्टीत बहीणभाऊ मामाकडे यायचे आणि घर डोक्यावर घ्यायचे. या सुट्टीत मात्र घरात सगळे हळू चालत होते, हळू बोलत होते.

मामी पाण्याचे भांडे घेऊन आली. “चला, बाहेर खेळा पाहू. डॉक्टर म्हणालेत, अशा आजारात बोटं आपोआप हलतात. त्यात काही अर्थ नसतो.”

आजोबांची नजर मुलांकडे वळली. ती नजर मात्र आपोआप हलल्यासारखी वाटत नव्हती.

बाहेर पायरीवर बसून सुतळीने ढब्बूला विचारले, “आता खरं सांग. त्या दिवशी सभेत झालं तरी काय?”

ढब्बूने आधी घराकडे पाहिले. मग टेकडीकडे. गावाबाहेरच्या त्या टेकडीवर रेडिओलहरी पकडणारी एक भलीमोठी तबकडी होती, आता गंजलेली. माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला तेव्हा ती चंद्राकडे तोंड करून उभी होती, आणि तिच्याखालच्या खोलीत तरुण आजोबा ध्वनिफितीच्या यंत्रावर बसले होते. चंद्रावरून आलेला आवाज त्यांनी आपल्या कानांनी ऐकला होता. त्या फितीची एक प्रत त्यांनी जन्मभर जपली होती.

“ती फीत गावच्या विज्ञान मंडळात ऐकवायची ठरली,” ढब्बू सांगू लागला. “बाबांनी आजोबांच्या वाढदिवसाची भेट म्हणून ती स्टुडिओवाल्याकडून साफसूफ करून आणली. सभेला सायन्सचे सर होते. ते म्हणाले, खरंखोटं आत्ता तपासू. पृथ्वीवरून बोललेला शब्द चंद्रावरच्या माणसाच्या कानाशी वाजतो, तिथून त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. तो किती वेळानं परत आला ते मोजलं की अंतर कळतं.”

“कळतंच,” शंकासुर म्हणाला. “रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. मग?”

“सरांनी मोजलं. दोन पूर्णांक एक सेकंद. म्हणजे जाऊन-येऊन सहा लाख तीस हजार, आणि अंतर त्याच्या निम्मं, तीन लाख पंधरा हजार. सर म्हणाले, चंद्र इतका जवळ कधी येतच नाही, फीत बनावट आहे! मागून कोणीतरी ओरडलं, माणूस चंद्रावर गेलाच नव्हता, सगळं नाटक! आवाजही किती किनरे आहेत बघा! सगळे खो खो हसले.”

“आणि आजोबा?”

“ते उभे राहिले. नुसतं म्हणत राहिले, ‘अकरा कुठे गेले? माझे अकरा कुठे गेले?’ त्यावर कोणीतरी म्हणालं, ‘अकरा राहू द्या हो, आधी एक तरी पोचला का ते बघू!’” ढब्बूने पुन्हा घराकडे पाहिले. “बाबा मान खाली घालून बसले होते. घरी येताना आजोबांशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी झटका आला.”

शंकासुर टेकडीकडे बघत होता.

“पण माणूस खरंच गेला होता का?” शंकासुराने हळूच विचारले. “कशावरून?”

“तूसुद्धा!” सुतळी उसळली.

“मी विचारतोय. हसत नाहीये. फरक असतो, ताई.” मग तो एकदम ताठ झाला. “थांब! सभेत अकरा, आणि पलंगावरही अकरा! म्हणजे त्यांचं बोट आपोआप हलत नाहीये. ते अजून तेच विचारतायत!”

तिघे धावत ढब्बूच्या खोलीत गेले. मामाने आणलेली नवी प्रत त्यांनी लावली. एकदम बोलणेच सुरू झाले. आधी काहीच नाही.

“साफसूफ केली म्हणजे काय काय काढून टाकलं?” सुतळी म्हणाली. “चला स्टुडिओत!”

स्टुडिओ चपलांच्या दुकानावर होता. स्टुडिओवाला कानांवर हेडफोन लावून कसलीशी जाहिरात ऐकत होता.

“जुनी फीत? ती ठेवून घ्या म्हणाले होते तुझे बाबा. कुठल्या खोक्यात असेल देव जाणे. मला कामं आहेत, पळा!”

सुतळी आणि शंकासुर हिरमुसले. ढब्बू मात्र कोपऱ्यातल्या मोठ्या फितीच्या यंत्रापाशी गेला. त्याच्यावर चहाचे तीन कप आणि एक कंगवा होता.

“काका, हे शोभेचं आहे का?”

“शोभेचं?” स्टुडिओवाल्याने कानांवरचा हेडफोन काढला.

“नाही, म्हणजे बंदच पडलं असेल ना? लोक म्हणतात, काकांना आता फक्त मोबाइलचं जमतं.”

“कोण म्हणतं? नाव सांग त्याचं! अरे, हे यंत्र मी स्वतःच्या हातांनी जोडलंय!” त्याने कप उचलले, फडक्याने धूळ झटकली आणि माळ्यावरचे खोके ओढून जमिनीवर पालथे केले. “लाव म्हण कुठलीही फीत. आत्ता वाजवून दाखवतो!”

फितींचे डबे घरंगळले. एका डब्यावर आजोबांचे तिरपे अक्षर होते. तारीख, आणि तारखेखाली शाईचे ठिपके. सुतळीने ते मोजले. बरोबर अकरा!

“ही लावा, काका!”

चाके फिरू लागली. खरखर झाली आणि मग... टक्, टक्, टक्!

“हीच ती कटकट,” स्टुडिओवाला म्हणाला. “सगळी कापून टाकली मी. बोलणं कसं, लगेच सुरू झालं पाहिजे.”

“काका, गप्प बसा!” तिघे एकदम ओरडले.

अकरा ठोके. मग बोलणे सुरू झाले. शंकासुर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. “पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत आठ सेकंद. अकरा ठोक्यांना आठ? हा कसला हिशेब?”

ढब्बूने खिशातली बिस्किटे काढून टेबलावर ओळीत मांडली.

“ही खायची वेळ आहे का?” सुतळी म्हणाली.

“खात नाहीये, मोजतोय. बिस्किटं अकरा. पण मधल्या फटी बघ ना. फटी दहा!”

स्टुडिओवाला यंत्राकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा तोरा उतरला.

“दहा सेकंद,” तो पुटपुटला. “पूर्वी वीज कमीजास्त व्हायची. दाब उतरला की यंत्र हळू चालायचं, आणि अशी फीत नंतर लावली की भरभर वाजते, आवाज किनरे होतात. म्हणून जाणते लोक सुरुवातीला घड्याळाचे, सेकंदाला एक असे, ठोके घेऊन ठेवायचे, पुढच्या माणसाला खरा वेग कळावा म्हणून. माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं मला.” तो खाली बसला. “मीच कापले रे ते.”

शंकासुराचे ओठ भराभर हलत होते. “दहाच्या जागी आठ. तर दोन पूर्णांक एकच्या जागी... दोन पूर्णांक सहा दोन पाच! अंतर तीन लाख त्र्याण्णव हजार सातशे पन्नास! ताई, चंद्र तीन लाख छप्पन्न हजार आणि चार लाख सहा हजार यांच्या मध्येच कुठेतरी असतो. हा आवाज तिथूनच आलाय!”

त्याने ‘कशावरून?’ विचारले नाही.

फीत छातीशी धरून तिघे धावत सुटले. मामा नुकताच कामावरून आला होता, अजून बूटही काढले नव्हते. तिघांनी एकमेकांचे बोलणे तोडत सगळे सांगितले. मामा सुरुवातीला वैतागून ऐकत होता. मग त्याने डबा हातात घेतला आणि ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

“ते ठोके मीच काढायला सांगितले,” तो म्हणाला. “मला वाटलं, ती कटकट गेली तर बाबांना बरं वाटेल.”

तो तसाच, बुटांसकट, आजोबांच्या खोलीत गेला. मुले दारातच थांबली. मामा पलंगाशी बसला. त्याला बरेच काही बोलायचे असावे, पण एवढेच म्हणाला, “बाबा, सापडले तुमचे अकरा. माझ्यामुळे गेले होते.”

आजोबा त्याच्याकडे एकटक पाहत होते.

मामाने बोट दांडीवर टेकवले. टक्. टक्. टक्. मुले मनात मोजत होती. आठ. नऊ. दहा. आणि मामाचे बोट थांबले. त्याने चेहरा चादरीत लपवला.

मग आजोबांचे बोट सावकाश वर उचलले गेले.

टक्.

त्यानंतर आजोबांनी दांडीवर कधी ठोके दिले नाहीत. त्यांचे बोट मामाच्या तळहातात असायचे. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले.

पुढच्या आठवड्यात विज्ञान मंडळात ती फीत पुन्हा वाजली, अकरा ठोक्यांसकट. सायन्सच्या सरांनी फळ्यावर सगळा हिशेब मांडला, आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली आणि तिघांना पुढे बोलावले.

“आम्ही मोठी माणसं हसलो, आणि या मुलांनी शोधून काढलं,” ते म्हणाले. “शाबास!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्टुडिओवाला सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता. पहिल्या रांगेत मामाशेजारची खुर्ची रिकामी होती.

“सर,” शंकासुर म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही नुसतं विचारलं असतंत, ‘कसले अकरा, आजोबा?’ तर?”

टाळ्या थांबल्या. सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

“विचारायला हवं होतं, बाळ,” ते म्हणाले.

बाहेर ऊन होते. टेकडीवरच्या तबकडीच्या वर, निळ्या आभाळात, दिवसाचा फिकट चंद्र होता. तिघे फाटकापाशी थांबले. ढब्बूने तोंडाभोवती हात धरले आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, “आजोबा!”

“तिथवर आवाज जात नाही,” शंकासुर हळूच म्हणाला. “मध्ये हवा नसते.”

“माहीत आहे मला,” ढब्बूने बाहीने डोळे पुसले. “तरी मोज.”

शंकासुराने घड्याळाचे बटण दाबले.