दर रविवारी एकच

काटे तपासायच्या त्या प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवात स्वतःला तोलून व्हायची. नियमांच्या पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. चष्मेवाल्यानं पाडलेली ती पद्धत होती. निवृत्तीला टेकलेला हा माणूस धाकटीचा कामातला जोडीदार. सकाळी आल्या आल्या तो जमिनीवरचा मोठा काटा चालू करायचा आणि पडद्यासमोर जाऊन उभा राहायचा. पडदा भिंतीच्या बाजूला वळलेला असल्यामुळे त्याची पाठ काट्याकडे असायची. "शून्य बरोबर," असं तो आधी वाचायचा, मग म्हणायचा, "हं, चढ आता." धाकटी चढायची. "साडेअठ्ठावन्न." एवढं झालं की मगच कपाटातली प्रमाणित वजनं बाहेर यायची.

"जगाचं माप काढणाऱ्यानं आधी स्वतः काट्यावर चढावं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. चार वर्षं ऐकून धाकटीला ते पाठ झालं होतं. तिलाही हे काम मनापासून आवडायचं, कारण त्यात भावनेला जागा नव्हती. एकदा आलेला आकडा सोडून द्यायचा, दुसऱ्यांदा तोच आला तर भुवई वर करायची, तिसऱ्यांदा आला की मुकाट्यानं मान्य करायचा. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की ती विचारायची, "किती वेळा मोजलंत?"

धाकटी हे तिचं घरातलं नाव. त्या परक्या शहरात तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. ते नाव फक्त रविवारी सकाळी, फोनमधून, आईच्या तोंडून ऐकू यायचं.

त्या फोनलाही एक नियम होता, आणि तो आईचा होता. पहिल्या महिन्यात धाकटीनं फोनवर आठवणींची यादीच लावली होती. दोघी इतक्या रडल्या की शेवटी दादानं फोन काढून घेतला. पुढच्या रविवारी आईनं बजावलं, "असं रोज रडून कसं चालेल? आठवड्याला एकच आठवण सांगायची. आणि माणसांची नाही हं. वस्तूंची सांग. वस्तूंना उचकी लागत नाही."

चेहरा दाखवणारा फोन आईला चालत नसे. आवाजावर भागवायचं, असं ती म्हणायची.

धाकटी गेली ती दोन वर्षांसाठी म्हणून. दोनाची चार झाली. यंदा रजा मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं, आईनं तिच्या खोलीतली गादीसुद्धा उन्हात टाकून ठेवली होती, आणि आयत्या वेळी साहेबांनी रजा नामंजूर केली. त्या रविवारी आई फक्त "असू दे" म्हणाली. धाकटीला ते "असू दे" फार लागलं. घाईघाईनं ती म्हणाली, "आई, या आठवड्यात ना, मला फाटकाच्या कडीची आठवण आली. ती दोनदा वाजते बघ. उचलताना एकदा, पडताना एकदा. आतून कळायचं, आपलंच माणूस आलं."

"हो गं," आई म्हणाली. "बाहेरचं माणूस धाडकन सोडतं."

मंगळवारी संध्याकाळी धाकटी कामावरून परतली. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा, दाराला रबराची पट्टी. बंद करताना कानाला कळू नये असं ते दार. तिनं ते ओढलं आणि आवाज झाला. खण्ण. मग एक श्वास घेण्याएवढा वेळ गेला. पुन्हा खण्ण.

तिनं दार उघडून पाहिलं, बिजागऱ्या चाचपल्या, कुलपात टॉर्च मारला. लोखंड म्हणावं असं कुठे काही नव्हतं. पुन्हा लावलं. पुन्हा दोनदा. खरं सांगायचं तर तिला भीती वाटलीच नाही. दाराला टेकून ती हसली, आणि मग उगाचच पाचसहा वेळा दार उघडून लावत बसली. खालच्या मजल्यावरच्या बाईनं काठीनं छत ठोकलं तेव्हा कुठे थांबली.

रविवारी आईनं बोलता बोलता सांगितलं, "तुझ्या दादानं कडीला तेल घातलंय की काय कोण जाणे. वाजतच नाही आता. परवा पोस्टमन थेट दारात उभा. दचकलेच मी."

मागून दादाचा आवाज आला, "मी कशाला तेल घालू? माझं नाव कशाला घेतेस?"

"उचलली तर उचलली जाते, सोडली की पडते. पण मुकी झालीय. बरं ते जाऊ दे. तुझं सांग."

धाकटीनं भुवई वर केली, पण तोंडातून ठरवलेली आठवण निघून गेली होती. स्वयंपाकघरातला उन्हाचा तुकडा. दुपारी तीनला ओट्यापाशी पडायचा, खिडकीच्या गजांच्या पाच सावल्या घेऊन. शाळेतून आलं की ती त्यात पाय ठेवून बसायची आणि आई भाजी निवडत तिची हजेरी घ्यायची.

तिच्या परक्या घरातली खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. तिथे ऊन यायला सूर्यालाच वळसा घालावा लागला असता. पुढच्या शनिवारी दुपारी तीनला फरशीवर ऊन पडलं. पाच सावल्या. धाकटीनं टेप आणून मोजलं: रुंदी बेचाळीस, लांबी साठ. त्यावर हात धरून पाहिला. हातावर ऊन नव्हतं. हात फरशीला टेकवला तर फरशी गरम होती.

ती खुर्ची ओढून बसली आणि पाय उन्हात ठेवले. चार वर्षांत पहिल्यांदा तिचे तळपाय शेकले. साडेतीनला ऊन सरकत सरकत भिंतीत गेलं, तोवर ती उठली नाही.

"मोतीबिंदू आलाय वाटतं मला," आई दुसऱ्या दिवशी म्हणाली. "कालपासून दुपारचा सुद्धा ओट्यापाशी दिवा लावावा लागतोय."

इथेच तिनं थांबायला हवं होतं. पण चार वर्षं काटे तपासलेल्या माणसाला दोन आकड्यांवर थांबवत नाही. तिसरा घेतल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. शिवाय खोटं कशाला बोला, तिला हाव सुटली होती. परक्या घरात आता आपलं घर येऊ लागलं होतं, आणि आई तर ठणठणीत होती. एक आवाज आणि थोडं ऊन गेलं म्हणून कुणाचं काय अडतंय?

"शिट्टीकाकांची शिट्टी," ती म्हणाली.

शिट्टीकाका म्हणजे शेजारचे. रोज सकाळी दाढी करताना ते शिट्टीवर एकच चाल वाजवायचे आणि वर चढताना दरवेळी त्याच जागी घसरायचे. धाकटी त्या घसरण्यावर घड्याळ लावायची.

आई म्हणाली, "माणूस नको म्हटलं होतं ना मी?"

"माणूस कुठेय? शिट्टी आहे ती."

"कायद्याचा कीस काढायला तुला कुणी शिकवावं," आई हसली.

बुधवारी सकाळी धाकटी दात घासत होती तेव्हा आरशाच्या मागून शिट्टी सुरू झाली. चाल वर चढली, नेहमीच्या जागी घसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तोंडात ब्रश तसाच ठेवून धाकटी ऐकत राहिली. या वेळी तिला हसू आलं नाही. शिट्टीत मध्ये मध्ये श्वास ऐकू येत होता.

रविवारपर्यंत तिला धीर निघाला नाही. दुपारच्या सुट्टीत तिनं दादाला फोन लावला.

"अगं, शिट्टीकाकांच्या तोंडावरून वारं गेलं," दादा म्हणाला. "आज सकाळी दाढी करता करता. अर्धा चेहरा लटकलाय. पाणी प्यायला लागले की ओठातून सांडतं. पण तुला कुणी सांगितलं?"

धाकटीनं फोन ठेवला. तिसरा आकडा आला होता.

त्या दिवसापासून तिनं आठवणी बंद केल्या. बोलायला सोपं, करायला महाकठीण. कडीची आठवण तिनं नुसती काढली होती आणि कडी मुकी झाली. मग आईच्या खोकल्याची आली तर? कपाळावर ठेवलेल्या तिच्या तळहाताची आली तर? मन वैरी असतं, नको म्हटलं की तिथेच जातं. आईचा विचार डोकावला की धाकटी एकोणतीसचा पाढा म्हणू लागे. बसमध्ये, जिन्यात, वजनं पुसताना. दार लावताना कानांत बोटं घाली. दुपारी तीनला घराबाहेर पडे आणि अनोळखी रस्त्यांवर भटकत राही. एका जागी बसणं तिला जमेनासं झालं.

काकांची शिट्टी परत जावी म्हणून ती आरशासमोर हात जोडूनही उभी राहिली. मोजमाप करणारी बाई, आरशाला हात जोडतेय. शिट्टी आपली घसरत राहिली.

"या आठवड्यात काय?" आईनं विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"नाही आठवलं काही."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी आईनं विचारलंच नाही. ती म्हणाली, "बरं झालं बाई. रमलीस एकदाची." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. धाकटीला सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण काय सांगणार? तुझी आठवण येऊ नये म्हणून पाढे म्हणते, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

"तुला नाही तर नाही," आई पुढे म्हणाली. "आता मी सांगत जाईन. माझी पाळी. तू चपला ओढत चालायचीस बघ. फरफर, फरफर. किती ओरडायचे मी त्यावरून. आता कान तेवढ्यासाठी आसुसलेत."

सोमवारी चष्मेवाला वजनं मांडत होता. वळला आणि दचकला. "कधी आलीस? चाहूलच लागली नाही."

धाकटीनं बूट फरशीवर घासून पाहिला. मग आपटला. मग दोन्ही.

फरशी मुकी होती.

तिनं त्याच दिवशी साहेबांकडे रजेचा अर्ज टाकला. या वेळी ती टेबलासमोरून हललीच नाही. अठरा दिवसांनंतरच्या शुक्रवारची रजा हातात पडली तेव्हाच उठली.

पण मध्ये दोन रविवार होतेच.

"आई, ऐक. माझी आठवण काढू नकोस."

"काय?"

"थोडे दिवस. मी येतेय. तोवर नको काढूस."

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. "मग दिवसभर करू काय मी? आणि काल तर कमालच झाली. चपलांचा आवाज आला, अगदी ओसरीपासून न्हाणीघरापर्यंत. दादाला ऐकू नाही आला. मला आला." ती आनंदात होती. किती दिवसांनी आनंदात होती. "तुझ्या शिंकाही आठवतात. एकदम तीन यायच्या, कधी दोन नाहीत, कधी चार नाहीत."

मंगळवारी धाकटीच्या नाकात शिंक आली आणि तिथेच राहिली. तिनं मिरपूड हुंगली. डोळे भरून आले, नाक लाल झालं. शिंक आली नाही. पुन्हा कधीच आली नाही.

तिनं दादाला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, मग हळूच म्हणाला, "तू फार दमलीयस. ये तू. आल्यावर बोलू."

आणखी एक रविवार उगवला. शुक्रवारला पाच दिवस होते. फोन उचलूच नये असं धाकटीनं ठरवलं होतं. सतरा वेळा वाजला. अठराव्यांदा तिला राहवलं नाही.

"शुक्रवारी निघते आई. पाच दिवस फक्त. आज काही सांगू नकोस. तुझ्या पाया पडते."

"एकच," आई म्हणाली. "मग नाही सांगणार. मी दुपारी आडवी झाले की तू खाटेच्या कडेला येऊन बसायचीस. गादी तुझ्या बाजूला कलायची आणि मी झोपेतच तुझ्याकडे घरंगळायचे. आठवतं?"

"आई, नको ना."

"ते वजन गं. तेवढं एक हवं होतं मला. बाकी काही नाही."

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या दारात फोन वाजला. आईनं सोमवारी कधीच फोन केला नव्हता.

"काल तू फोन ठेवलास आणि जरा पडले," आई कुजबुजत होती, जणू खोलीत कुणी झोपलंय. "आणि गादी कलली. मी डोळे उघडले नाहीत. म्हटलं, उघडले तर उठून जाशील. अजून बसली आहेस. मी हात लावून पाहिला नाही, पण गादी कललेलीच आहे. धाकटे, आता नाही आलीस ना शुक्रवारी तरी चालेल."

फोन बंद झाला.

चष्मेवाल्यानं काटा चालू केला आणि पडद्यासमोर जाऊन पाठमोरा उभा राहिला. धाकटीनं बॅग खाली ठेवली, कोट काढून ठेवला आणि त्यानं सांगायची वाट न बघता ती काट्यावर चढली. पाय जुळवले. हात सरळ सोडले. श्वास रोखला.

"शून्य बरोबर," त्यानं वाचलं.

धाकटी हलली नाही.

त्यानं खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि आकडा लिहायला तयार होऊन उभा राहिला.

"हं," तो म्हणाला, "चढ आता."