शेवटचं अक्षर

"भोंगा बिघडलाय तुमचा."

केबिनच्या काचेवर टिचकी वाजली आणि मी दचकले. बाहेर एक जण उभा होता. खांद्याला नकाशांचं लांबलचक नळकांडं, चष्म्यावर भुरभुर पावसाचे थेंब.

"बिघडला नाही, मीच बंद केलाय," मी म्हटलं.

"पण तुम्ही तर कधीच्या बोलताय. मी तिकडून बघतोय... ओठ हलतायत आणि आवाजाचा पत्ता नाही."

"इतका वेळ ओठ कशाला बघत होतात?"

त्याचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. निदान आज घाबरलेली मी एकटीच नव्हते.

नदीच्या धक्क्यावरून लाँच सुटायची वेळ झाली की भोंग्यावरून पुकारायचं, हे माझं काम. मधल्या वेळात मी माइक बंद करून सराव करायचे — शहरी बोलण्याचा. पैलतीरावरच्या विद्यापीठात वकिलीच्या प्रवेशासाठी माझी मुलाखत होती आणि माझ्या जिभेवर आमच्या काठाचा हेल. आमच्याकडे वाक्यातलं शेवटचं अक्षर नदीपार पोचल्याशिवाय कुणी सोडत नाही. होडीवरून हाका मारून मारून पिढ्यान् पिढ्या लागलेली सवय ती. पैलतीरावर तिला हसतात.

माझी ताई गेली होती तिकडे शिकायला. वर्गात पहिल्यांदा उभी राहिली, दोन वाक्यं बोलली, सगळा वर्ग खो खो हसला. त्यानंतर तिनं तोंड म्हणून उघडलं नाही आणि सहामाहीच्या आत घरी आली. आता बाबांच्या दुकानात बसते, गिऱ्हाइकाशीसुद्धा मान हलवून बोलते. एकेकाळी भांडणात तिच्यापुढे कुणी टिकत नव्हतं. मला त्या मान हलवण्याची भीती वाटायची. रात्री दचकून उठावं इतकी.

तो नळकांडंवाला मग रोज येऊ लागला. नदीच्या तळाची मोजणी करायचा आणि बोलायचा असा स्वच्छ, की ऐकत राहावं. मी त्याला नळकांडे म्हणू लागले, तो मला भोंगाबाई.

"नळकांडे, तुमच्यासारखं बोलायला शिकवाल?"

"आणि फी?"

"खिडकीची जागा राखून ठेवीन."

"शेजारी तुम्ही बसणार असाल तर विचार करतो."

"मी शेजारी बसले तर लाँच कोण सोडणार?"

"एखाद दिवस नाही सुटली तर काय बिघडतं..." तो म्हणाला आणि उगीचच नदीकडे बघू लागला.

शिकवणी सुरू झाली. मी अक्षर ओढलं की तो बोट वर करायचा — तिथे तोडायचं. मी बोटाकडे बघायचे, बोटावरून त्याच्याकडे, आणि भलतीकडेच तोडायचे.

"लक्ष कुठे आहे?"

"बोटाकडे."

"बोट मी केव्हाच खाली घेतलंय," तो म्हणायचा. मग माझे कान लाल.

हळूहळू जमू लागलं. इतकं जमलं की मला चेव चढला. एका दाट धुक्याच्या सकाळी मी माइक चालू करून अख्खी घोषणा त्या नव्या आवाजात केली. एकदाही चुकले नाही. स्वतःवर खूश होऊन खाली बघते तर लाँच जवळजवळ रिकामी निघालेली आणि शेडमध्ये माणसं आरामात बसलेली.

त्यांत एक आजोबा होते. डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेले, कितीतरी दिवस थांबून तारीख मिळालेली. ती गेली.

"तुझी काय चूक, पोरी," ते म्हणाले. "मला वाटलं, साबणाची जाहिरात लागलीय. म्हटलं, आपली पोर बोलली की उठू."

ते रागावले असते तर परवडलं असतं.

नळकांडे आला तेव्हा मी केबिनमध्ये डोळे पुसत होते. "तसं बोलले तर आपले ओळखत नाहीत, असं बोलले तर ते हसतात," मी म्हटलं. "मी करू काय? तू सांग." तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यानं नळकांडं खाली ठेवलं.

"मी वरच्या काठाचा आहे," तो म्हणाला. "तुमच्याच बाजूचा. माझ्या मुलाखतीच्या आधी हेल टाकून दिला. प्रवेश मिळाला, खोटं कशाला बोलू. पण आता घरी फोन केला की आई विचारते, कोण बोलतंय. दर वेळी. मी सांगतो, मग ती हो हो म्हणते... आणि जरा अदबीनं बोलायला लागते माझ्याशी."

"मग आपल्यासारखं बोल ना तिच्याशी."

"भीती वाटते. आता ते खोटं वाटलं तर?"

मुलाखतीच्या दिवशी तो पैलतीरावर, मुलाखतीच्या खोलीच्या दारापर्यंत आला.

"शेवटचं विचारते. कुठल्या आवाजात बोलू?"

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "हसले तर तुला सोसायचंय, मला नाही."

हे उत्तर मला त्या क्षणी मुळीच आवडलं नाही. तोवर माझं नाव पुकारलं होतं.

आत तिघं होते. वकील का व्हायचंय, त्यांनी विचारलं. नवा आवाज अगदी ओठांवर आला होता. मला आठवली ताईची मान, आणि मग तारीख हुकलेले आजोबा. मी माझ्याच आवाजात बोलू लागले. टोकाला बसलेला हसला. तोंडावर हात धरून, पण हसलाच. माझं वाक्य मध्येच तुटलं. ताई इथेच थांबली असणार.

मी वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा धरलं. आवाज कापत होता. तरी शेवटचं अक्षर पार भिंतीपर्यंत पोचवलं.

बाहेर तो माझ्याहून पांढराफटक पडलेला.

"काय झालं?"

"एक जण हसला."

"आणि तू?"

"पुढे बोलले. घेतील की नाही, देव जाणे."

त्यानं नळकांडं या खांद्यावरून त्या खांद्यावर... मग जमिनीकडे बघत, आमच्या काठाच्या हेलात, अडखळत म्हणाला, "तू मला आवडतेस." शेवटचं अक्षर त्यानं गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओढलं.

"एवढं नसतं ओढायचं," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही येत होतं.

"सवय गेलीय. शिकवशील?"

"आधी घरी फोन लाव. मग माझं उत्तर."

त्यानं फोन लावला. मी त्याचा दुसरा हात धरून ठेवला. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग कुणीतरी फोन उचलला.

"आई..." तो म्हणाला, हेल काढून, घाबरत घाबरत.

त्यानं माझी बोटं घट्ट आवळली.

"जेवलास का रे?" आई म्हणाली.