डावा तुझा, उजवा माझा

जुन्या सामानाच्या दुकानात मी एका वूफरवर, स्पीकरमधल्या खर्जाच्या भोंग्यावर, हात ठेवला आणि त्याच क्षणी त्याच्या जोडीदारावर दुसऱ्या कुणाचातरी हात पडला. आठ इंची, कागदी कोनाच्या पडद्याचे, जुन्या घडणीचे. असे आता कुठे बनत नाहीत. या जोडीसाठी मी सात महिने दुकानं पालथी घातली होती. हात काढायचा प्रश्नच नव्हता.

"हे मी आधी पाहिलेत," मी म्हटलं.

"पाहिले असतील. उचलला मी आधी."

खरंच उचलला होता. तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरून उभा होता.

दुकानदाराने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "भांडण बाहेर. एक तुम्हाला, एक यांना. घ्या आणि निघा."

त्या माणसाला काळीज नव्हतं. त्याने जोडी फोडली. पुढच्या मिनिटाला आम्ही दोघं फुटपाथवर, आणि दोघांच्या हातात अर्धं काहीतरी.

"एका वूफरचं काय करणार तुम्ही?" त्याने विचारलं.

"उशाला घेऊन झोपेन. तुम्हाला देणार नाही."

तो हसला. त्याच्या तर्जनीच्या टोकावर सोल्डरिंगच्या चटक्याचा पांढरा डाग होता, माझ्या अंगठ्यावर पटाशीचा व्रण. मला वाटतं, आम्ही एकमेकांचे हात आधी पाहिले. तोंडं नंतर.

"इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करतो मी," तो म्हणाला. "ठोके मोजणारं यंत्र बंद पडलं की मला बोलावतात."

"मी सुतार. वर्कशॉप माझं आहे. 'मालक कुठे आहेत' असं विचारणार असाल, तर आत्ताच चालू पडा."

"नव्हतो विचारणार. खोकं किती मिलिमीटरच्या प्लायचं करणार, ते विचारणार होतो."

गेल्या कित्येक वर्षांत मला कुणी इतका योग्य प्रश्न विचारला नव्हता.

"अठरा. आतून आडव्या पट्ट्या."

"मग माझ्याही वूफरला खोकं करा. आतली सगळी जोडणी माझी. एकच जोडी, दोघांची."

"आणि ठेवायची कुणाच्या हॉलमध्ये?"

"ते... वाजल्यावर ठरवू."

तो दर रविवारी सकाळी वर्कशॉपमध्ये यायला लागला. मी त्याला डॉक्टर म्हणायचे, तो मला सुतारबाई. तो कागदावर आकडे मांडायचा, खोक्यात नेमकी किती हवा मावली पाहिजे ते काढायचा, आणि मी तेवढ्याच हवेचं खोकं करून दाखवायचे. सुताभराचा फरक नाही. तो गुण्या लावून कोपरे तपासायचा. मला राग यायचा... आणि कोपरा काटकोनात निघाला की त्याच्या तोंडाकडे बघायला मजा यायची.

"आपले स्पीकर ॲक्टिव्ह," तो एकदा भुशावर फुंकर मारत म्हणाला. "म्हणजे ॲम्प्लिफायर पोटातच. खालच्या वूफरला वेगळा, वरच्या, बारीक आवाजाच्या चिमुकल्या ट्वीटरला वेगळा. बाहेरच्या कुणाच्या जोरावर बोलायचं नाही."

"शहाणे आहेत."

"तुमच्यासारखे. पोटातल्या रागावर चालणारे."

मी रंध्यावरून हात काढला नाही, पण त्या फळीवर रंधा जरा वाकडा गेला. त्याने पाहिलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

घरी आत्याचा वेगळाच सूर होता. "हॉलच्या त्या भिंतीला माझं शोकेस यायचं होतं. बाजारात स्पीकर तयार मिळतात, गाणं लावलं की दिवेसुद्धा लागतात. पण नाही, हिला खोकी ठोकायचीत. आणि तो कोण येतो दर रविवारी?"

"मशीनचा डॉक्टर," मी म्हटलं.

"मशीन बरं व्हायला इतके रविवार लागतात होय?"

बाबा पेपरामागून खोकले. ज्यांनी मला रंधा धरायला शिकवलं त्यांना हसू लपवताना खोकला येतो, हे मला ठाऊक आहे.

दोन महिन्यांनी, वाजवून बघायला, जोडी आमच्या हॉलमध्ये उभी राहिली. डॉक्टरने गाणं लावलं... आणि काहीच जमलं नाही. गाणारीचा आवाज भिंतीत विरघळल्यासारखा, दिशा नसलेला. ढोल वाजत होता, पण त्यातला दणकाच गायब.

"पोकळ वाजतंय," बाबा म्हणाले. उठले, बोटाच्या पेराने दोन्ही खोकी ठोकली. "लाकूड ठीक आहे."

"कुठूनतरी हवा गळत असेल," डॉक्टर पुटपुटला.

"माझ्या खोक्यातून? मुंगी बाहेर पडायची नाही त्यातून. तुमच्या तारा बघा."

"बारा वर्षं यंत्रं जोडतोय मी. माझ्या जोडणीच्या भरवशावर माणसं जगतात."

"मग त्यांच्याकडेच जा तू."

आत्याने सुपारी चघळायची थांबवली. डॉक्टरने पिशवीत एकेक हत्यार ठेवलं, सावकाश, कुणाला जागं करायचं नसल्यासारखं. दारात वळला.

"दोन्ही वूफर ठेवा. हॉल तुमचाच."

तो गेला आणि मी तापले. भांडला असता तर चाललं असतं. दान कसलं देतोस? सात महिने शोधलेली वस्तू मला कुणी दयेपोटी द्यावी आणि मी ती मुकाट्याने ठेवून घ्यावी? त्यातून, ती वस्तू ठेवली की तो येणार नव्हता. हेही मला कळत होतं. मी मूर्ख नाही.

बुधवारी सकाळी वर्कशॉप बंद ठेवलं. दोन्ही खोक्यांच्या मागच्या फळ्या उघडल्या. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि वूफरकडे जाणाऱ्या तारांना लावून पाहिला. लाल तार सेलच्या टोकाला, काळी बुडाला. डाव्या वूफरचा कागदी कोन टचकन पुढे आला.

उजव्याला तस्साच सेल लावला. कोन मागे गेला.

पुन्हा लावला. मागे. एक पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय, आणि मधल्यामध्ये आवाज मरतोय. मी जमिनीवर बसून हसले. कारण निम्मी चूक माझी होती. सुतार कपाटाची दारं करतो ती आरशातल्यासारखी, डाव्याची कडी उजवीकडे तर उजव्याची डावीकडे. मी वूफरही तसेच बसवले होते, एक सरळ तर दुसरा अर्धा फेरा फिरवून. त्यामुळे जिला लाल तार लागते ती लाल ठिपक्याची पट्टी एकात वर होती, दुसऱ्यात खाली. आणि डॉक्टर? इस्पितळातल्या यंत्रात हात घालतो तसा मागून हात घालून, न बघता, दोन्हीकडे वरच्याच पट्टीला लाल तार लावून मोकळा.

तारांची अदलाबदल दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. आठ स्क्रू काढून त्याचा वूफर बाहेर काढला, कापडात गुंडाळला आणि निघाले.

"घड्याळ बंद पडलंय," आत्या मागून ओरडली.

"चालू करायलाच चाललेय."

इस्पितळाच्या तळघरात त्याची खोली होती. टेबलावर यंत्र उघडं पडलेलं, त्याच्या हातात चिमटा. मला पाहून तो उभा राहिला आणि चिमटा कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. मी वूफर त्याच्यासमोर ठेवला.

"हा तुमचा. मला फुकट काही नको."

मग सगळं सांगितलं. आरशातली दारं, वरची पट्टी, सेल. त्याने डोळे मिटून हवेतच हात घातला, जणू आत्ता खोक्यात चाचपतोय. मग डोळे उघडले. कान लाल झाले होते.

"न बघता लावल्या मी."

"आणि मी न विचारता बसवले."

"पण तुम्ही तारा बदलून का नाही टाकल्या?"

"कारण तारा तुमच्या. तुमचं काम मी करणार नाही आणि तुमच्यावाचून ते वाजवणारही नाही. रविवारी यायचं असेल तर हा घेऊन या. यायचं नसेल तर हा तुमच्याकडेच ठेवा, मी माझा काढून ठेवते. मधलं काही चालणार नाही."

तो वूफरच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "त्या दिवशी तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"रागात."

"मग... पुन्हा रागवा ना."

मी जिना चढून वर आले. वरच्या पायरीवर कळलं, की मी एकटीच हसतेय आणि झाडूवाली मावशी माझ्याकडे बघतेय.

रविवारी तो आला, वूफर छातीशी धरून. मी आठ स्क्रू पिळले, त्याने तारा लावल्या. या वेळी बघून. गाणं सुरू झालं आणि गाणारी बाई हॉलमध्ये येऊन उभी राहिली. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, आत्याच्या शोकेसच्या जागी. ढोलाचा दणका पायाखालच्या फरशीत जाणवला. बाबांनी पेपर खाली ठेवला. तो पुन्हा उचलला नाही.

मग डॉक्टरने एक विचित्र काम केलं. दोन्ही स्पीकर आत वळवले. इतके, की ते एकमेकांकडे तिरपे बघायला लागले.

"हे काय?" मी विचारलं.

"सरळ ठेवले तर मधोमध बसणाऱ्या एकालाच बाई मधोमध दिसते. असे वळवले की शेजारच्यालाही दिसते. दोघांना पुरते."

"हे कधी ठरवलंत?"

"फुटपाथवर."

मी मान वळवली नाही. "आणि ठेवायचे कुणाच्या हॉलमध्ये ते? आता वाजलेत."

"माझ्याकडे हॉल नाहीये," तो हळूच म्हणाला. "भाड्याची एक खोली. पलंग, टेबल, संपलं."

"मग वूफर कशाला उचललास?"

"हॉल मिळेल कधीतरी, म्हणून."

आत्या सोफ्याच्या बरोबर मधोमध, डोळे मिटून, बोटांनी ठेका धरून बसली होती. मी तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"आत्या, सरक."

"का गं?"

"दोघांची जागा आहे ती."

तिने एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसली. मी सोफ्यावर बसले आणि शेजारची जागा हाताने झटकली. तो अजून उभाच होता.

"मिळाला तुला हॉल," मी म्हटलं. "आता बस."