अर्धी जाळी

बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या दुकानात बारीक विणीच्या जाळीचा एकच तुकडा उरला होता. त्याचं एक टोक विनताच्या हातात, दुसरं कुणा चष्मेवाल्याच्या.

"मी आधी धरली," ती म्हणाली.

"मी आधी पाहिली… जाळी, आणि—" तो अडखळला. कान लालबुंद!

"आणि काय?"

"आणि… अर्धी-अर्धी करू या?"

माघार कुणीच घेईना. शेवटी दुकानदारानं वैतागून कात्री चालवली.

दुसऱ्याच दिवशी बरगी धरणावर कळलं, दोघं एकाच कामावर आहेत! अपूर्व वडोदऱ्याचा इंजिनिअर. भरती-ओहोटीवर वीज काढणारं त्याचं यंत्र खंबातच्या समुद्रात सोडण्याआधी इथं, धरणातून सुटणाऱ्या पाण्यात तपासायचं होतं. विनता माशांची अभ्यासक. यंत्रानं मासळीला इजा होते का, ते तिनं बघायचं. चार महिने दोघं एका नावेत बसून भांडली. मग एक दिवस तो आला नाही, तर हिला डबा गोड लागेना. झालं!

आणि आता ही धाकधूक. मागच्या आठवड्यात यंत्रापाशी माशांची सहा कापलेली पिल्लं सापडली होती. आज कोळ्यांच्या सोसायटीत बैठक होती आणि अध्यक्ष सत्यवतीदीदींचा नियम जगावेगळा. आपलं म्हणणं आपण मांडायचं नाही, समोरच्यानं मांडायचं. म्हणजे विनताचा कागद अपूर्व वाचणार आणि त्याचा ती.

सकाळी कागदांची अदलाबदल झाली, पण त्याचा कागद उघडायचा तिला धीर झाला नव्हता. सहा पिल्लांची ओळ त्यानं वाचली, तर चाचणी बंद, यंत्र गुजरातला, आणि यंत्रामागे तोही. गाळली, तर… असल्या माणसावर आपण जीव लावलाच काहून?

अपूर्व वाचू लागला. पाण्याची खोली, जाळी टाकायच्या वेळा… ती ओळ आली आणि तो थांबला. विनतानं ओढणी मुठीत आवळली.

"यंत्रानं सहा पिल्लं कापली," तो म्हणाला. "विनताजींचं बरोबर आहे. यंत्र बंद करावं."

तिला त्याचा इतका अभिमान वाटला, की रडूच फुटायचं बाकी राहिलं. आता तो जाणार हे नक्की होतं.

"अब तुम, बिटिया," दीदी म्हणाल्या.

तिनं त्याच्या कागदाची घडी उलगडली. ती वाचू लागली.

"'जाळी यंत्राच्या समोरूनच लावली, पिल्लं मागून शिरली. चूक माझी. समुद्रात भरतीचं पाणी एकीकडून येतं, ओहोटीचं दुसरीकडून, तेव्हा जाळी दोन्हीकडून हवीच. तसली जाळी बाजारात परत आली नाही. उरलेला तुकडा विनताजींकडे आहे. त्यांनी दिला, तर चाचणी इथंच पुन्हा करता येईल. आणि मला—'"

"आगे?"

"'…मला जायचं नाही. यंत्रासाठी नाही. त्यांच्यासाठी.'"

सगळी सोसायटी खो-खो हसली. विनताचा चेहरा नुसता पेटला.

"माझ्याच तोंडून वदवून घेऊन राहिले का?"

"नियम दीदींचा आहे," तो पुटपुटला.

"जाली लगेगी, तब मशीन चलेगी," दीदींनी निकाल दिला. "और बिटिया का जवाब?"

"नियमच आहे ना?" विनता म्हणाली. "मग माझं उत्तर अपूर्वजी सांगतील."

अपूर्वनं घाबरत तिच्याकडे पाहिलं. "त्या… जाळी देते म्हणतात."

"और?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. विनतानं हळूच मान हलवली.

"…राहा म्हणतात."