लेन्सचं झाकण

बोर्ली पंचतनच्या मंगल कार्यालयात वधूवर हार हातात घेऊन उभे राहिले, आणि नेमकं तेव्हाच नवरदेवाकडून फोटो काढणाऱ्या दीक्षाच्या कॅमेऱ्याने मान टाकली. एकदा बटण दाबलं, दोनदा दाबलं... ढिम्म!

"अगो, फोटो काढतंस का न्हाय?" नवरदेवाची आत्या खेकसली.

दीक्षाला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात नवरीकडच्या फोटोग्राफरने गळ्यातला दुसरा कॅमेरा काढून तिच्या हातात ठेवला. "घ्या. रडायचं ते जेवणानंतर रडा."

हा प्रितम, श्रीवर्धनचा. डोळे हसरे, आणि बोलणं... जरा जास्तच हसरं!

जेवताना तिने आपलं रडगाणं गायलं. तिचा कॅमेरा ज्या कंपनीचा, तिने कॅमेऱ्यांचा धंदाच गुंडाळला होता. सुटे भाग मिळेनात, आणि असलेल्या लेन्स दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याला बसेनात.

"म्हणजे नवरा पळाला आणि सासर गळ्यात!" प्रितम म्हणाला. दीक्षाला ठसकाच लागला.

मग काय, लग्नसराईभर त्याचा कॅमेरा तिच्याकडेच राहिला. वेगळी लेन्स हवी झाली की ती फोन करायची, आणि हा पठ्ठ्या बाईकवरून थेट तळा गावी तिच्या घरी हजर. लेन्स द्यायचा, झाकण द्यायला विसरायचा, मग झाकण द्यायला पुन्हा यायचा. माणूस इतकी झाकणं कशी विसरतो, हे दीक्षाने कधी विचारलं नाही. विचारेल कशाला! 'तुम्ही'चं 'तू' झालं ते याच खेपांमध्ये.

सराई सरली. आता स्वतःचा कॅमेरा घ्यायलाच हवा होता, आणि साठवलेल्या पैशात तो एकदाच येणार होता. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर, सुरूंच्या सावलीत दोघं बसली होती. मनातून तिचं ठरलेलंच होतं – प्रितमच्याच कंपनीचा घ्यायचा, म्हणजे लेन्सची देवाणघेवाण जन्मभर चालू! पण दुधाने पोळलेली पोर ती, ताकही फुंकून पिणारच.

"तुझी कंपनी टिकेल ना रे? नवीन लेन्स काढते? दहा वर्षांनी सुटे भाग मिळतील?"

"कॅमेरा घेतेस की स्थळ बघतेस?"

"बाबा म्हणतात, मुलगा नंतर, आधी घर बघावं."

प्रितम वाळूत रेघोट्या ओढत राहिला. या वेळी तो हसला नाही.

"मग माझी कंपनी घेऊ नकोस," तो हळूच म्हणाला. "किती दिवसांत नवीन काही काढलं नाही त्यांनी. दुरुस्तीची केंद्रंही बंद करत चाललेत. मी अडकलोय, तू नको अडकूस. ती दुसरी मोठी कंपनी घे. तिचं घर भरलेलं आहे."

"पण मग तुझ्या लेन्स मला..."

"नाही बसणार."

लेन्स नाही म्हणजे फोन नाही, खेपा नाहीत, प्रितम नाही! एक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं? आणि हे त्याला कळत नव्हतं असंही नाही. कान लाल झाले होते त्याचे, नजर वाळूतून वर येत नव्हती.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. स्वतःचं नुकसान करून खरं सांगणारा माणूस... आणखी कसली चौकशी करायची असते?

"बरं. मोठ्या कंपनीचाच घेते." तिने पिशवीतून त्याचा कॅमेरा काढून परत दिला.

तो कॅमेरा उलटसुलट पाहू लागला. मग लेन्सवरून बोट फिरवत थांबला. "झाकण?"

"घरी राहिलं."

"विसरलीस?"

"मुद्दाम ठेवलं. रविवारी न्यायला ये. बाबा असतील."

प्रितमने मान वर केली. "बाबा...?"

"आवडतोस तू मला, कळलं का? आता ते चौकशी करणारच. घर कसं, धंदा कसा, दहा वर्षांनी कुठे असशील..."

"मी काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस तसं. खरं."

त्याचे डोळे पुन्हा हसले. "दहा वर्षांनी... तुझ्याच शेजारी. तू नवरदेवाकडून, मी नवरीकडून. चालेल?"

"आणि लेन्स?"

"लेन्स वेगवेगळ्या. झाकणं मात्र एकाच डब्यात."